कोल्हापुरात बसून ट्रेड सिक्रेट आणि कमर्शियल दाव्यांची वकिली होते का?

मेकॅनिकल_ते_सनद

नमस्कार मंडळी. बी.ई. मेकॅनिकल झालंय, आता तीन वर्षांच्या एलएल.बी.चं दुसरं वर्ष चालू आहे. कोल्हापूर सोडायचं नाही हे ठरलेलं आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात माणूस एका कारखान्यातून दुसऱ्यात जाताना ड्रॉइंग, रेटलिस्ट सगळं पेन ड्राइव्हमध्ये घालून नेतो, अशी तक्रार सारखी कानावर येते. म्हणून ट्रेड सिक्रेट, म्हणजे धंद्याची गुपितं, आणि एकूणच धंद्याचे दावे, या वाटेनं जावं म्हणतोय.

ही कामं इथल्या कोर्टात चालतात, की मुंबई गाठावीच लागते? हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचमुळे काय फरक पडला? आणि उरलेल्या दीड वर्षात नेमकं काय शिकू? 'कायदे नीट वाच' हे सोडून सांगा, ते चालूच आहे.

---

निशाणी_५

मुंबईला जायचं कारण नाही. मुंबई हायकोर्टात थेट दावा दाखल होतो तो बृहन्मुंबईपुरता. कोल्हापूरचा दावा कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातच लागतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच चालू झालं, त्यानं अपिलाचं गणित बदललं. जिल्हा न्यायाधीशांनी मनाई दिली किंवा नाकारली की पक्षकाराला मुंबईची गाडी धरावी लागायची. आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहाही जिल्ह्यांची ती कामं इथंच येतात. मनाईच्या दाव्यात आठवडाभराचाही फरक मोठा असतो, त्यामुळे हा बदल या कामाला इतर कामांपेक्षा जास्त लागू पडतो.

आता कायद्याचं. ट्रेड सिक्रेटसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. २२ व्या विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ क्रमांकाचा अहवाल दिला, त्याला विधेयकाचा मसुदाही जोडलेला आहे. तो वाचा, फुकट मिळतो, आणि आजवरचे बहुतेक निकाल त्यात एका जागी सापडतात. पण दावा उभा करायचा तो करार कायदा, स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, कॉपीराइट, आयटी ॲक्ट आणि इंग्लंडच्या न्यायालयांकडून आलेलं विश्वासभंगाचं तत्त्व यांच्यावर. १९६९ च्या कोको विरुद्ध क्लार्क निकालातल्या तीन कसोट्या आजही प्रत्येक युक्तिवादात येतात: माहिती मुळात गोपनीय दर्जाची होती का, ती विश्वासानं सोपवली होती का, आणि परवानगीशिवाय वापर होऊन मालकाचं नुकसान झालं का.

नवखे वकील पहिली ठेच कुठं खातात ते सांगतो. कमर्शियल कोर्टात, म्हणजे व्यापारी वादांच्या खास कोर्टात, जायचं तर दाव्याचं मूल्य किमान ३ लाख हवं (२०१८ पर्यंत ही मर्यादा १ कोटी होती) आणि वाद कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम २(१)(सी) च्या यादीत बसायला हवा. त्या यादीत ट्रेडमार्क, कॉपीराइट, पेटंट, डिझाइन, जीआय (भौगोलिक मानांकन), डोमेन नेम सगळं आहे, ट्रेड सिक्रेट हा शब्दच नाही. नोकरीचा करारही नाही. 'माणूस सोडून गेला आणि रेटलिस्ट घेऊन गेला' एवढ्यावर कमर्शियल दावा ठोकला की प्रतिवादी अधिकारक्षेत्राची हरकत घेतो. दावा परत झाला तर दुसऱ्या कोर्टात नव्यानं दाखल करण्यात महिने जातात आणि तोवर माल बाजारात गेलेला असतो. वाद तंत्रज्ञान विकासाच्या, माल पुरवठ्याच्या किंवा लायसन्सच्या करारातून आलेला असेल तर यादीत बसतो. नुसता मालक-नोकर असेल तर साधा दिवाणी दावा बरा.

मग लोक ड्रॉइंगवर कॉपीराइटचा मुद्दा जोडतात. तिथंही खड्डा आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) म्हणतं की डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी गोष्ट नोंदवली नाही आणि औद्योगिक पद्धतीनं ती ५० पेक्षा जास्त वेळा बनवली, तर तिच्यातला कॉपीराइट संपतो. फौंड्रीत ५० नग कधी निघून जातात कळतही नाही. एप्रिल २०२५ चा क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स इंडिया हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावरच आहे, वाद इंजिनिअरिंग ड्रॉइंगचाच होता. तुम्ही मेकॅनिकलचे, तुम्हाला तो कला शाखेतून आलेल्या वकिलापेक्षा लवकर कळेल.

कमर्शियल कोर्टात गेलात तर आणखी तीन गोष्टी घट्ट धरा. कलम १२-ए: तातडीचा अंतरिम दिलासा मागितला नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची. पाटील ऑटोमेशनच्या २०२२ च्या निकालानंतर ती टाळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो. तातडी नुसती नावाला दाखवली असेल तरी कोर्ट ओळखतं. दुसरं, कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत, फार तर १२० दिवसांत. १२१ व्या दिवशी कोर्टालाही ती घेण्याचा अधिकार उरत नाही. साध्या दिवाणी दाव्यात 'खर्चावर मुदत द्यावी' म्हणायची सवय लागलेल्यांची इथं मोठी पंचाईत होते. तिसरं, सगळे कागद दाव्यासोबतच द्यायचे, आपल्या विरुद्ध जाणारे धरून. 'पुढच्या तारखेला यादीनं हजर करतो' हे चालत नाही.

आणि मुख्य गोष्ट. या दाव्यांचं भवितव्य निशाणी ५ वर, म्हणजे अंतरिम मनाईच्या अर्जावरच ठरतं. पुढं पुरावा, उलटतपास होईपर्यंत त्या माहितीला किंमत राहत नाही. म्हणून सगळा जीव त्या अर्जात ओतायचा. 'वादीची गोपनीय माहिती प्रतिवादीने नेली' असं मोघम लिहिलं की अर्ज गेला. उलट सगळं तपशिलात लिहिलं तर दाव्याची प्रत समोरच्याला द्यावीच लागते, म्हणजे आपण आपल्या हातानं गुपित दिलं! मधला मार्ग असा: दाव्यात फाइलींची नावं, रिव्हिजन क्रमांक, तारखा, कोणाकोणाला त्या बघता येत होत्या, त्या माहितीनं धंद्यात काय फायदा होतो, एवढं लिहायचं. प्रत्यक्ष मजकूर सीलबंद लिफाफ्यात, सोबत सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम १५१ खाली वेगळा अर्ज. बंद दाराआड सुनावणी हवी तर कलम १५३-बी. दिल्ली हायकोर्टात गोपनीय कागद ठरावीक वकील आणि तज्ज्ञांनीच बघायची सोय नियमांतच आहे. इथं तशा अटी तुम्हीच लिहून द्यायच्या: कोण बघणार, कुठं बघणार, प्रत मिळणार की नाही, मोबाइल बाहेर ठेवायचा की नाही. कोर्टाला तयार मसुदा दिला तर हुकूम लवकर होतो.

एकतर्फी मनाई मिळाली तर ऑर्डर ३९ नियम ३ विसरू नका. अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदांच्या प्रती प्रतिवादीला ताबडतोब पाठवायच्या आणि पाठवल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं. मनाई मिळाल्याच्या आनंदात हे राहतं, आणि समोरचा वकील तेवढ्यावर हुकूम उठवायला लावतो.

---

मेथडिंगवाला

वरचं सगळं बरोबर, पण दावा कारखान्यातच हरलेला असतो हे वकिलांना उशिरा कळतं. कारखान्याच्या बाजूनं लिहितो.

फौंड्रीत गुपित कशाला म्हणायचं? कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाजारात विकलं की ते कुणीही घेऊन थ्रीडी स्कॅनरवर ठेवतो, पॅटर्न तयार. त्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात आणि त्यात गैर काही नाही. पण कास्टिंग बघून जे दिसत नाही ते आपलं: गेटिंग आणि रायझरची (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांची) मांडणी, चिल (धातू लवकर थंड करणारे तुकडे) कुठं ठेवले, चार्ज मिक्स (भट्टीत घालायच्या मालाचं प्रमाण), मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाल्यावर किती मिनिटांत ओतायचं, रिजेक्शन कशानं खाली आलं त्याच्या नोंदी. इचलकरंजीत सायझिंगची (सुताला खळ देण्याची) रेसिपी तशीच, मसाल्याच्या कारखान्यात भाजण्याचं प्रमाण तसंच. वकिलाला यातलं कुठलं दिसतं आणि कुठलं दिसत नाही हे कळलं नाही तर तो चुकीच्या गोष्टीवर दावा लावतो.

त्याहून मोठी अडचण मालकीची. पार्टचं ड्रॉइंग बहुतेक वेळा गिऱ्हाईक कंपनीचं असतं, पॅटर्नचे पैसेही तिनेच दिलेले असतात. फौंड्रीची असते ती फक्त मेथडिंग, म्हणजे ओतकामाची वर सांगितलेली पद्धत. सप्लाय करारात 'सगळं टूलिंग आणि त्याची माहिती खरेदीदाराची' असं वाक्य असलं तर माजी सुपरवायझरवर दावा लावायला फौंड्रीकडं उरतंच काय? पहिल्या मीटिंगला परचेस ऑर्डरच्या मागच्या बारीक अटी मागवून वाचा. कुणी वाचत नाही.

पुराव्याचं तर विचारूच नका. माणूस गेला की आयटीवाला त्याचा लॅपटॉप फॉरमॅट करून नव्या पोराला देतो. संपलं. डीव्हीआरवरचं चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. मेलचा लॉग ठरावीक मुदतीपर्यंतच राहतो. म्हणून संशय आला त्याच दिवशी करायचं ते असं: मशीन बंद करून, दोन साक्षीदारांसमोर सील करून कपाटात, कुठल्या वेळी कोणाकडून कोणाकडं गेलं याची वही. आत काय आहे ते बघायचा मोह आवरा. फाइल उघडली की तारखा बदलतात. फॉरेन्सिकवाल्याकडून राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काही लिहू न देणारं साधन) लावून इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायची, हॅश (त्या डेटाचा आकडेरूपी ठसा) लिहून घ्यायचा, पुढचं सगळं काम प्रतीवर.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आहे, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या जुन्या ६५-बी च्या जागी कलम ६३. प्रमाणपत्र दोन भागांत: भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात त्यानं, भाग ब तज्ज्ञानं भरायचा. उपकरणाचा मेक, मॉडेल, रंग, सिरियल नंबर, आयएमईआय असेल तर तो, आणि हॅश कोणत्या पद्धतीनं काढला ते, सगळं त्यात लागतं. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट झेरॉक्स काढून कागदयादीला जोडले म्हणजे पुरावा झाला, असं अजूनही मानणारे आहेत. प्रमाणपत्राशिवाय ते चालत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालात जुन्या कलमाखाली सांगितलंय. तो वाद आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा होता.

आणखी एक. 'वाजवी काळजी घेतली होती' हे दाखवावं लागतं. सर्व्हरच्या एकाच फोल्डरवर सगळ्या ऑफिसचा एकच पासवर्ड, आणि तोही मॉनिटरवर चिकटवलेला असेल, तर कुठल्या तोंडानं गुपित म्हणणार?

---

मेकॅनिकल_ते_सनद

दोघांचेही आभार, एवढं कॉलेजात कुणी सांगत नाही. एक शंका: बऱ्याच कंपन्या 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षं त्याच धंद्यात काम करणार नाही' असं लिहून घेतात. करार कायद्याचं कलम २७ वाचलं तर हे रद्दच वाटतं. मग लिहून का घेतात? आणि सुरुवातीला पैशाचं काय, हेही कुणीतरी स्पष्ट सांगा.

---

निशाणी_५

भीती घालायला लिहून घेतात, दुसरं काय.

नोकरी चालू असतानाचं बंधन चालतं, सेंचुरी स्पिनिंगच्या १९६७ च्या निकालापासून ते ठरलेलं आहे. नोकरी संपल्यानंतर स्पर्धा करू नको म्हणणं कलम २७ खाली रद्द. 'दोनच वर्षं' किंवा 'फक्त कोल्हापूर जिल्हा' म्हणून ती अट टिकत नाही, आपल्या कलमाला वाजवीपणाची फूटपट्टीच नाही. गोपनीयतेची अट मात्र नोकरीनंतरही टिकते, म्हणून दावा त्या अटीवर लावायचा आणि मागणीही तेवढीच ठेवायची. 'प्रतिवादीने अमुक कंपनीत काम करू नये' अशी मागणी घातली की कोर्टाला आपला खरा हेतू दिसतो आणि खरी मागणीही त्यासोबत जाते. अंगात मुरलेलं कौशल्य माणसाचं स्वतःचं. ते परत मागता येत नाही.

प्रशिक्षणाचा बाँड वेगळा. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांआधी सोडल्यास २ लाखांची अट ग्राह्य धरली. पण ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च तिनं मांडला होता. शिरोलीतल्या वीस माणसांच्या युनिटनं तोच आकडा छापला तर तसंच होईल असं समजू नका.

कोल्हापुरात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट दुसरीच आहे. इथले धंदे भागीदारीत, भावाभावांत. भागीदारी कायद्याचं कलम ३६(२) बाहेर पडणाऱ्या भागीदारावर ठरावीक मुदतीचं किंवा ठरावीक हद्दीचं वाजवी बंधन घालू देतं, आणि ५५(३) गुडविल विकताना. म्हणजे जे नोकराला लिहून घेता येत नाही ते भागीदाराला येतं. फारकतीचा करार करताना हे कलम घातलेलं नसतं, आणि दोन वर्षांनी धाकटा भाऊ समोरच्या गाळ्यात तेच मशीन लावतो. ही कामं ट्रेड सिक्रेटपेक्षा कितीतरी जास्त येतात.

करार मुद्रांकावर आहे का तेही बघा. पुरेसा मुद्रांक नसेल तर महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या कलम ३४ ची हरकत येते, आणि ऐन निशाणी ५ च्या वेळी दंड भरायला धावाधाव.

---

तारीख_पे_बावडा

पैशाचं मी सांगतो, कारण बाकीचे गोड बोलतील.

नुसत्या ट्रेड सिक्रेटवर कोल्हापुरात कुणाचं घर चालत नाही, पहिल्या दहा वर्षांत तर नाहीच. वसुलीचे दावे, चेक बाउन्स, लवादाची कामं, भागीदारीचे तंटे, ट्रेडमार्क, हे सगळं मिळून 'कमर्शियल' होतं. ट्रेड सिक्रेट त्यात मधूनच येणारं काम. मात्र ज्याला ते नीट जमतं त्याच्याकडं कारखानदार बाकीची कामंही आणतो.

सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, खर्च आता कमी झालाय. जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोंदणी शुल्क खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. नंतर एआयबीई, म्हणजे बार कौन्सिलची परीक्षा. कायद्याची कोरी पुस्तकं नेता येतात, टिपणं नाही. ज्युनिअरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलंय. सुचवलंय म्हणतो, सक्ती नाही. सिनिअरकडं जाताना आकडा आधीच विचारून घ्या, लाजू नका.

कंपनीत लीगलला पगारी जागा मिळाली तर सनद बार कौन्सिलकडं स्थगित ठेवावी लागते, पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. दोन-तीन वर्षं तिकडं करार लिहायला शिकून परत येणं वाईट नाही, पण तेवढी वर्षं कोर्टात उभं राहायची सवय तुटते. माझं मत विचाराल तर आधी कोर्ट.

दीड वर्षात काय करायचं? तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप लागतेच. ती सह्या गोळा करण्यात घालवू नका. चार आठवडे जिल्हा कोर्टात दिवाणी बघणाऱ्या सिनिअरकडं, चार सर्किट बेंचला अपिलाची कामं करणाऱ्याकडं, आणि चार शक्यतो पुण्या-मुंबईच्या आयपी (बौद्धिक संपदा) फर्ममध्ये, म्हणजे मसुदा कसा असावा ते दिसेल. रोजनामा, म्हणजे कोर्टाची तारीखवार नोंद, वाचायला शिका. एका दाव्याचा सुरुवातीपासूनचा रोजनामा वाचला की सीपीसीच्या पुस्तकात न मिळणारं कळतं: काम कुठं अडतं आणि कोणामुळं.

तुमची बी.ई. वाया घालवू नका. पेटंट एजंटची परीक्षा विज्ञान किंवा इंजिनिअरिंगच्या पदवीवरच देता येते, नुसत्या एलएल.बी.ला ती बंद. कारखानदाराचा पहिला प्रश्न असतो, 'पेटंट घेऊ की लपवून ठेवू?' पेटंटला २० वर्षं आणि सगळं उघड करावं लागतं. गुपिताला मुदत नाही, पण एकदा फुटलं की गेलं. वस्तू उघडून बघितल्यावर जे कळतं त्याचं पेटंट बघा, प्रक्रियेत लपणारं असेल तर गुपित. हा सल्ला देणारा वकील इथं सहज सापडत नाही.

इंग्रजी मसुदा आणि मराठी उलटतपास, दोन्ही यायला हवं. साक्षीदार म्हणून स्टोअरकीपर आणि फर्नेस ऑपरेटर येणार आहेत.

---

उलटी_बाजू

सगळे मालकाच्या बाजूनंच बोलायलेत. भावा, नवीन वकिलाकडं आधी येतो तो नोटीस मिळालेला सुपरवायझर. मालक मोठ्या सिनिअरकडं जातो. म्हणून बचावाची बाजूही शिकून ठेव.

नोटीस आली की पहिलं काम सीपीसी कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम नको' असा अर्ज, ९० दिवस चालतं. म्हणजे एकतर्फी मनाईची भीती गेली. संपत आलं आणि दावा आलेला नसेल तर पुन्हा घाल. अशिलाला दुसरं सांगायचं: फोनमधलं, मेलमधलं काहीही डिलीट करायचं नाही. घाबरून पुसतात, आणि मग जे निर्दोष होतं तेही संशयास्पद दिसतं. स्वतःहून 'माझ्याकडं या फाइली आहेत, सीलबंद कोर्टात जमा करतो' म्हणणाऱ्याकडं कोर्ट वेगळ्या नजरेनं बघतं.

मुद्द्यावर बोलायचं तर गिऱ्हाइकांची यादी हे गुपित आहे का, हा जुना वाद. ज्या कंपन्यांची नावं इंटरनेटवर सापडतात त्यांची यादी गुपित ठरवणं अवघड. पण कोणाला काय दरानं, किती उधारीवर, कधी ऑर्डर येते, हे सगळं जोडलेली फाइल असेल तर चित्र बदलतं, दिल्ली हायकोर्टानं १९९५ च्या बर्लिंग्टन प्रकरणात गिऱ्हाइकांच्या डेटाबेसला कॉपीराइटचं संरक्षण दिलेलं आहे. त्यामुळं 'यादीच तर आहे' म्हणून अशिलाला निवांत झोपवू नको.

पोलिसांत जाण्याचं फॅड आहे. भारतीय न्याय संहितेचं ३१६(४), नोकरानं केलेला विश्वासघात, सात वर्षांपर्यंत शिक्षा, हे लावून माणसाला ठाण्यात बसवायचं आणि राजीनामापत्रावर हवं ते लिहून घ्यायचं. तिथं दोन गोष्टी तपास. कोणती मालमत्ता सोपवली होती हे तक्रारीत आहे का? आणि आयटी ॲक्टचं कलम लावलंय तर तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडं आहे का? कलम ७८ मध्ये स्पष्ट आहे, तरी तपास खालच्या अधिकाऱ्याकडं दिलेला सापडतो.

नोटिशीला उत्तर देताना 'आमच्या अशिलाने काहीही नेलेले नाही' असं ठोकून देऊ नको. आधी त्याचा जीमेल, गुगल ड्राइव्ह, घरचा लॅपटॉप, जुना फोन, सगळं त्याच्याशेजारी बसून बघ. फोटो बॅकअपमध्ये ड्रॉइंगचे फोटो आपोआप गेलेले असतात आणि त्याला स्वतःलाही माहीत नसतं. एकदा साफ नकार लेखी गेला आणि नंतर कोर्ट कमिशनरला (कोर्टानं तपासणीला नेमलेल्या माणसाला) ते फोटो मिळाले, तर निशाणी ५ वर बोलायला काही उरत नाही.